तडा गेलेला ओटा बदलत का नाही?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. नाहीतर आमच्या जुळे सोलापुरातल्या घरी येणाऱ्या प्रत्येकाला सांगून सांगून कंटाळा आलाय. एवढा खर्च करून स्वयंपाकघर नवं केलंत, काळाभोर ग्रॅनाइट बसवलात, मग सिंकपाशी हा तडा तसाच का ठेवलाय?

बदलायचं म्हणजे काय, ते एकदा डोळ्यांपुढे आणा. दगड खाली सिमेंटात बसलाय, भिंतीच्या टाइल्सची पहिली रांग त्याच्यावर टेकलीय. निघाला तर तुकडे होऊनच निघणार, जाताना टाइल्स घेऊन. सिंक काढा, नळ काढा, शेगडी हॉलमध्ये मांडा. शिवाय नव्या स्लॅबचा दाणा जुन्याशी जुळेलच याची खात्री नाही, म्हणजे अख्खाच ओटा आला. हे माझं नेहमीचं उत्तर. खोटं नाही, पण पुरतंही नाही.

झालं ते संक्रांतीच्या तोंडावर. गड्ड्याच्या यात्रेला पाहुणे येणार होते आणि आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, शेंगाचटणी कुटत होत्या. मिक्सरमधली चटणी त्यांना चटणी वाटत नाही. कुटल्यावर दाण्याला तेल सुटतं तसं त्यात सुटत नाही म्हणतात, आणि ते खरंच आहे. गुडघ्यांमुळे खाली बसवत नाही, म्हणून लोखंडी खलबत्ता ओट्यावर, सिंकला लागून. मी भाकरी थापत होते. कट् असा कोरडा आवाज झाला. आधी काही दिसलंच नाही. ओल्या फडक्याने पुसलं तेव्हा सगळा ओटा वाळला आणि सिंकच्या कोपऱ्यापासून पुढच्या मोल्डिंगपर्यंत केसाएवढी एक रेघ तेवढी ओली राहिली.

मग सुरू झालं. हे म्हणाले, "आई, ओट्यावर कुटतं का कोणी?" नणंदेने फोनवरून तेच विचारलं. मिस्त्री आला, त्याने तड्याआधी खलबत्ता पाहिला आणि त्याचा चेहराच उजळला. "काकू, दगड आहे तो, घाव कसा सोसेल?" आत्याबाई एक शब्द बोलल्या नाहीत. चटणी डब्यात भरली, खलबत्ता धुतला आणि माळ्यावर ठेवायला लावला.

त्या रात्री मी रुपयाचं नाणं घेऊन ओटा वाजवत बसले. शेगडीकडे भरीव, बद्द आवाज. सिंकच्या पुढच्या चार बोटांच्या पट्टीवर खणखण, रिकाम्या डब्यासारखा. खाली माल भरलेलाच नव्हता. सिंकसाठी कापलेला कोपरा काटकोनात, आणि कटर कोपऱ्याच्याही पुढे गेलेला. ग्रॅनाइट दाबाला जबरदस्त, पण वाकवायला गेलात तर त्याच्या साधारण दहाव्या हिश्श्यातच मोडतो. म्हणून खाली भक्कम आधार लागतो आणि आतला कोपरा गोल कापायचा असतो. जाडी तरी किती, 16-18 मिलिमीटर. मिस्त्रीला हे सांगायला फोन केला. उचलला नाही, अजूनही उचलत नाही.

त्यावर एक शेजारी म्हणतात, असली ग्रॅनाइट असता तर फुटला नसता. अहो, बाजारात ज्याला काळा ग्रॅनाइट म्हणतात तो बहुतेकदा भूशास्त्राच्या हिशेबात ग्रॅनाइट नसतोच. गॅब्रो नाहीतर डोलेराइट असतो. ताकदीला तो कमी नाही. पोकळीवर ठेवलेला कुठलाही दगड मोडेल.

तेव्हा मी घरात ठणकावून सांगितलं होतं, चूक शंभर टक्के मिस्त्रीची. आज शंभर टक्के म्हणवत नाही. बत्ता पडला नसता तर ती पट्टी आणखी दहा वर्षं टिकली असती का? किंवा पुढच्या महिन्यात कोणीतरी भरलेली कळशी आदळली असती आणि मग त्याचं नाव लागलं असतं? रोज भांडी घासताना मी दोन्ही बाजूंनी भांडते, निकाल लागत नाही.

दुसऱ्या कारागिराने पट्टीखाली कडाप्प्याचा तुकडा घालून माल भरला, तड्यात काळा रंग कालवलेलं इपॉक्सी भरलं. पाणी आता आत जात नाही. बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग नळाभोवती बसतात, म्हणून रात्री ओटा कोरडा पुसते. संडासचं अॅसिड मारा म्हणून सल्ला देणाऱ्यांना हात जोडते. पॉलिश जाईल आणि सांधेही. तेल मुरलंच तर खायच्या सोड्याचा लेप रात्रभर ठेवते. पण खिडकीतून ऊन तिरपं आलं की रेघ दिसते, ती दिसणारच.

आता खरं कारण. ओटा बदलला की बिल येईल, आणि ते बिल आमच्या घरात कायमचं आत्याबाईंच्या नावावर राहील. "आईच्या चटणीपायी एवढे गेले," असं प्रत्येक संक्रांतीला ऐकू येईल. त्यांना मी नाणं वाजवून दाखवलंय. ऐकून म्हणाल्या, "असू दे गं, माझ्याच हातून झालं." चटणी हल्ली विकतची येते, आणि ती बेचव आहे हे त्या सोडून सगळे बोलून दाखवतात.

तेव्हा तडा बघा, बोट फिरवून बघा, हवं तर नाणंही देते. फक्त आत्याबाई घरात असताना विचारू नका.