दुष्काळी अनुदान: यादीत नाव, केवायसी झाली, तरी पैसे का अडले?

२०२३ चा ऑगस्ट देशात १९०१ पासूनचा सर्वात कोरडा ठरला. ऐन शेंगा धरायच्या वेळी सोयाबीनला पाणी नाही, पुढं परतीच्या पावसानंही दगा दिला. शेंगा लागल्या, पण दाणा ज्वारीएवढा. ३१ ऑक्टोबरला राज्यात ४० तालुके दुष्काळी जाहीर झाले, त्यात आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातले हातकणंगले आणि गडहिंग्लज. अनुदानाची यादी लागली, व्हीके नंबर (यादीतला विशिष्ट क्रमांक) मिळाला, सेतू केंद्रात केवायसी झाली. माझं घोडं अडलं ते बँकेत.

काउंटरवर एकच उत्तर: "आधार लिंक आहे, पैसे वरूनच आले नाहीत." हे अर्धंच खरं असतं. खात्याला आधार जोडणं वेगळं आणि डीबीटीसाठी, म्हणजे सरकारी पैसे थेट खात्यात यायला, एनपीसीआयकडं (बँकांचे व्यवहार जोडणारी संस्था) सीडिंग, म्हणजे आधारपुढं त्या बँकेची नोंद, होणं वेगळं. अनुदान पासबुक बघून येत नाही. आधार शेवटी ज्या बँकेत सीड झालंय, तिथं जातं. पोरानं मोबाईलवर उघडून दिलेलं नवं खातं, नाहीतर गॅस सबसिडीचं जुनं बंद पडलेलं खातं, पैसे तिकडं वळतात नाहीतर परत जातात. म्हणून भांडायच्या आधी आधारच्या वेबसाईटवर 'बँक सीडिंग स्टेटस' बघा. ओटीपी टाकला की बँकेचं नाव आणि 'ॲक्टिव्ह' की 'इनॲक्टिव्ह' ते दिसतं. त्याची प्रिंट घेऊन गेल्यावर काउंटरवरचा सूर बदलतो, हे नक्की. नुसता केवायसीचा फॉर्म भरून येऊ नका. आधार सीडिंगचा संमती फॉर्म मागा, त्यावर 'डीबीटीसाठी' असं लिहिलंय का बघा आणि शिक्का मारलेली पोच घ्या. पोच मागितली की कपाळावर आठी येते. येऊ दे. दोन-चार दिवसांनी स्टेटस पुन्हा तपासा. सोसायटीतलं किंवा पतसंस्थेतलं खातं यासाठी चालत नाही.

केवायसीला अंगठा उठत नसेल तर मशीनला दोष देऊ नका. सोयाबीन कापणीनं आणि कोरड्या हवेनं बोटं फाटलेली असतात, रेषा पुसट होतात. आदल्या रात्री खोबरेल लावा, सकाळी साबणानं धुवून कोरडी करा, दुसरं बोट लावून बघा. आधारला मोबाईल जोडलेला असेल तर ओटीपीचं विचारा.

जमिनीचा गट सामाईक असेल तर बाकीच्या खातेदारांचं संमतीपत्र लागतं. पुण्या-मुंबईच्या भावांच्या सह्या गणपतीलाच उरकलेल्या बऱ्या.

आणि हे खरं तर आधी सांगायला हवं होतं: ई-पीक पाहणी, म्हणजे मोबाईलच्या ॲपवरून सातबाऱ्यावर पिकाची नोंद. वाळलेलं पीक मोडून रान नांगरायच्या आधी बांधावर उभं राहून फोटो काढा. नोंद चुकली तर ४८ तासांत स्वतः दुरुस्त करता येते, नंतर तलाठ्याच्या मागं फिरावं लागतं. २०२३ च्या दुष्काळी तालुक्यांत कृषिपंपाच्या चालू बिलात ३३.५ टक्के सवलत जाहीर झाली होती, तीही तेव्हाच्या बिलावर वजा झाली का बघून घ्या.