दोन हजारांतले तीनशे अठ्ठेचाळीस

विहिरीवरच्या मोटारीचे पैसे माझ्या धाकट्या भावाने, बंडूने, क्रेडिट कार्डावरून भरले होते, हे मला काल, तान्ह्या पोळ्याच्या दिवशी, त्याच्या मोबाइलवर आलेल्या संदेशावरून कळले: थकबाकी ४०,०००, किमान देय २,०००. “भरतो ना मी दर महिन्याले, चुकवतो का?” एवढेच तो म्हणाला. त्याने खरोखरच एकही महिना चुकवलेला नाही, आणि मला बोचते ते हेच.

रात्री हिशेब मांडला. त्याच्या कार्डाचा दर महिना शेकडा साडेतीन, म्हणजे ४०,००० वर १,४०० रुपये व्याज. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे आणखी २५२. दोन हजारांतून हे १,६५२ गेले की मुद्दलात फिटतात ३४८. थकबाकी उतरेल तशी पाच टक्क्यांची ती किमान रक्कमही उतरत जाणार, त्यामुळे कार्डावर नवे काहीही न घेता तो नुसते किमान भरत राहिला, तरी कर्ज निम्मे व्हायलाच सहा वर्षांहून अधिक काळ लागेल. त्यात बाकी पूर्ण फिटेपर्यंत नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत नाही. परवाच्या औषधांवरही घेतल्या दिवसापासून व्याज लागले असणार. किमान भरल्याने फेड लांबते, हा इशारा रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार बिलावर छापलेला असतो, पण बिल उघडतो कोण?

मला विचारले का नाही? माझे पीककर्ज मुदतीत फेडले की पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेत शून्य टक्क्याने पडते, आणि माझ्याच मोटारीसाठी धाकटा वर्षाला ४२ टक्के मोजतो. आबांनी सावकाराची पायरी चढू नये म्हणून काय काय... ते असो. मोठा म्हणून घरात माझा मान फक्त बैलांना ओवाळण्यापुरताच उरला आहे काय, असेही मनात येऊन गेले. पण त्याने विचारले असते, तर “कापूस विकला की बघू” हेच मी म्हणालो असतो, आणि तोवर हरभरा वाळला असता. ओलित झाले ते त्याच्या कार्डामुळेच, हेही हिशेबात धरावे लागते.

हिच्या बचत गटात महिना शेकडा दोनने कर्ज मिळते. जेवढे मिळेल तेवढे उचलून कार्डात भरायचे, असे आमचे ठरले आहे. गटाच्या बैठकीत कर्जाचे कारण सर्वांसमोर सांगावे लागते; तेथे मोटारीचे नाव घ्यायचे की दिराचे, हे मी तिच्यावर सोपवले आहे.