खिशातली खडी

"छत्तीस पॉइंट चार," सिस्टरनी मोठ्याने आकडा वाचला आणि मी रजिस्टरमधून मान वर केली. काट्यावर सातवीतला एक मुलगा उभा होता. ती मनगटं काही छत्तीस किलोच्या पोराची नव्हती. हाफपँटचे खिसे मात्र दोन्हीकडून लोंबत होते.

"खिशात काय आहे रे?"

"काय न्हाई, मॅडम."

निघाली खडी. शाळेसमोर रस्त्याचं काम चालू होतं, तिथून वेचलेली. खिसे रिकामे केल्यावर काटा ३४.१ वर आला. मागच्या वर्षी वजन पुकारल्यापासून पोरं त्याला काडीपैलवान म्हणत होती, म्हणून यंदा ही तयारी. सगळा वर्ग खो खो हसला. मीही हसले.

उंची १४९ सेंटिमीटर. वय आणि उंचीशी ताडून पाहिलं तर अंगाने बारीक, पण तक्त्याच्या मर्यादेत. आजारी नाही, कुपोषित नाही. हे मी त्याला सांगायला हवं होतं. त्याऐवजी "पुढचा!" म्हणाले.

मी आरबीएसकेच्या, म्हणजे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकात डॉक्टर आहे. २०१३ साली सुरू झालेल्या या कार्यक्रमात जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतची मुलं तपासतात. अंगणवाडीत वर्षातून दोनदा, शाळेत एकदा. दिवसाला शंभर-सव्वाशे मुलं. डोळे, दात, कान, हृदयाचे ठोके, त्वचेवरचे चट्टे, सगळं बघायचं. त्यामुळे वजन-उंची झटपट उरकण्यासाठी एकाने आकडा पुकारायचा, दुसऱ्याने लिहायचा. ही पद्धत मीच बसवली होती, आणि तिचा मला थोडा अभिमानही होता. तिथे उभे असलेले वर्गशिक्षक आकड्यामागे आपली फोडणी घालत होते. "बेचाळीस! घरी दोन म्हशी दिसतात." "अगं, जरा भाकरी खात जा." वाईट माणूस नव्हे. मुलांच्या दप्तराला शिलाई घालून देणारा मास्तर.

आठवीची पाळी जेवणानंतर होती. सोमवार हा त्या शाळेत निळ्या गोळीचा वार. खिचडी झाली की सहावीपासूनच्या मुलांना लोहाची गोळी देतात. उपाशीपोटी घेतली तर मळमळतं, म्हणून जेवणानंतरच. साधारण वीस मिनिटांनी व्हरांड्यात एक मुलगी ओकायला लागली. मैत्रिणींनी तिला धरून आणलं. ओकारीत पाणी सोडून काही नव्हतं.

"खिचडी नाही खाल्लीस?"

मान खाली. मैत्रीणच म्हणाली, "मॅडम, तिनं काल दुपारपासून कायच खाल्लं नाही. सरांनी शनिवारी सांगितलं ना, सोमवारी वजन करणार म्हणून."

सकाळी सातवीचा कार्यक्रम या मुलींनी खिडकीतून पाहिला होता. छत्तीस पॉइंट चारवरचं हसूही.

तिला ओआरएस दिलं, पंख्याखाली बसवलं. मग स्टाफरूमचं दार लावून, काट्याकडे पाठ करून तिला उभं केलं. ४८ किलो, उंची १५४. वर्गातली सगळ्यात उंच मुलगी, पाळी सहावीतच सुरू झालेली. मुलींची उंची साधारण पाळी येण्याच्या आधी झपाट्याने वाढते, अंगही त्याच सुमारास भरतं; मुलगे बहुधा दोनेक वर्षांनी तिथे पोचतात. ती आधी पोचली होती, एवढंच. हिमोग्लोबिन मात्र १०.२ होतं. तिच्या वयाला १२ तरी हवं. म्हणजे ज्याची खरोखर काळजी करायची ते रक्तात होतं आणि पोर लाजत होती कमरेला.

"आकडा सांगू?"

"नको."

मग आलेखावरचा तिचा ठिपका दाखवला. मधल्या रेघेच्या जरा वर. ती बराच वेळ बघत राहिली. "हे बरोबरए?" एवढंच विचारलं. आई शेतातून आली, तेव्हा कळलं की घरी आजी रोज ताटाकडे बघून म्हणते, "बास आता, लग्नाला उभं राहायचंय." आठवीतल्या पोरीला!

सरांना मी बाजूला घेतलं. ते ओशाळले, पण म्हणाले, "मॅडम, थट्टेत चालतं हो. आम्हाला तर तोंडावर जाड्या म्हणायचे." मी वाद घातला नाही. सकाळी मी तरी काय केलं होतं? त्यांना रांग सांभाळायला बाहेर पाठवलं. दुपारनंतर एका वेळी एकच मूल आत, काट्याकडे पाठ, आकडा सिस्टर चिठ्ठीवर लिहून मला देणार. काम पाऊण तास लांबलं. गाडीचा ड्रायव्हर कुरकुरला.

चिठ्ठ्या पंख्याने उडत होत्या. टेबलावर सकाळची खडी पडलेली होती, त्यातला एक मोठा खडा मी गठ्ठ्यावर ठेवला. थोड्या वेळाने खिडकीच्या गजांतून सातवीतला तो मुलगा डोकावला. मी त्याला आत बोलावून त्याचाही ठिपका दाखवला, सकाळी दाखवायचा राहिलेला. त्याने तो पाहिला, मग खड्याकडे पाहिलं.

"मॅडम, ह्यो माझाच ना?"