तुम्ही विचारलंत म्हणून: सुंठ-आल्यावर पीएचडी, आणि ताईला केमो?

प्रश्न आता मला पाठ झालाय. आधी कौतुक होतं, "तुम्ही आल्यावर संशोधन केलंय ना?" मग आवाज खाली येतो, "मग सख्ख्या बहिणीला केमो कशाला घ्यायला लावलीत?" लग्नाच्या पंगतीत, वर्गात, एकदा तर बँकेच्या रांगेत. ताई गेल्यापासून त्याला शेपूटही जोडलं गेलंय: "एवढं करून गेलीच ना शेवटी?" एकदाच नीट लिहून ठेवते. पुढच्या वेळी हेच पाठवीन.

प्रबंधात जे लिहिलंय ते खरं आहे, आणि ते मी मागे घेत नाही. आलं वाळून सुंठ होताना त्यातल्या जिंजेरॉल या तिखट रसायनाचं शोगाओल होतं. ते शोगाओल मी पुण्याच्या एनसीसीएस या पेशीविज्ञानाच्या संस्थेतून आणलेल्या स्तनाच्या कॅन्सरच्या पेशींवर घातलं. ९६ छोट्या खळग्यांची प्लास्टिकची प्लेट, प्रत्येक खळग्यात थेंबभर पेशी. दोन दिवसांनी त्यात एमटीटीचं पिवळं द्रावण घालायचं. जिवंत पेशी त्याचं जांभळं करतात, मेलेल्यांना ते जमत नाही. डोस वाढत गेला तसतसा जांभळा रंग ओळीने फिका पडत गेला, तेव्हा मी प्रयोगशाळेत एकटीच हसत उभी होते. आमच्या घरचं आल्याचं शेत, कोरेगाव तालुक्यात. बाबांनी ज्या आल्याचा भाव पडला म्हणून शिव्या दिल्या, त्यातून हे निघालं होतं. हसू येणारच. फक्त त्या प्लेटमध्ये मीठ जास्त झालं तरी पेशी मरतात, हे कौतुक करणाऱ्यांना कुणी सांगत नाही. तेव्हा मीही सांगत नव्हते, कारण कुणी विचारत नव्हतं.

आता भाऊजींशी वाद झाला त्या रात्रीचं. ताईच्या स्तनाच्या कॅन्सरच्या केमोचं तिसरं सायकल, म्हणजे तिसरी फेरी, दुसऱ्या दिवशी होतं. लाल औषध चालू होतं, डॉक्सोरुबिसिन. ते चढवलं की लघवी लाल होते, नखं काळी पडतात, आणि उलट्या. भाऊजींनी माझा प्रबंध कपाटातून काढून जेवणाच्या टेबलावर ठेवला, काळं बाइंडिंग, वर सोनेरी अक्षरं. आत पेन्सिलीने खूण केलेली. कुणाकडून तरी वाचून घेतलं होतं. "निम्म्याहून जास्त पेशी मेल्या असं तूच लिहिलंयस. मग हिला हे विष कशाला? घरचं आलं आहे, प्रयोगशाळा तुझी आहे. अर्क काढ."

मी कागद घेतला आणि हिशेब मांडायला लागले. भाऊजी, माझ्या पेशी दोन दिवस त्या औषधात बुडून होत्या. पोटात गेलेलं आलं आतड्यात आणि यकृतात पोचलं की शरीर त्याच्या रेणूला ग्लुकुरोनिक आम्ल जोडून बाहेरची वाट दाखवतं. अमेरिकेत निरोगी माणसांना दोन ग्रॅमपर्यंत आल्याचा अर्क देऊन रक्त तपासलं, तर सुटं जिंजेरॉल सापडलंच नाही, सगळं जोडलेल्या रूपात. ते म्हणाले, "मग जास्त देऊ." आई म्हणाली, "थोडे दिवस बघायला काय हरकत आहे?" मी ओरडले. आईवर मी कधी ओरडत नसे.

आतल्या खोलीतून ताई म्हणाली, "मला ओकारी थांबवायला काय देणार ते सांग. बाकीचं तुम्ही भांडत बसा."

आलं किसून, लिंबू पिळून, सैंधव घालून दिलं. त्यात मला तत्त्वाची अडचण नव्हती. केमो घेणाऱ्या शेकडो रुग्णांवर झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात, २०१२ साली छापलेल्या, उलटीच्या नेहमीच्या गोळ्यांबरोबर रोज अर्धा ते एक ग्रॅम आलं दिलं तर मळमळ कमी झाली होती. नंतरच्या अभ्यासांचे निकाल उलटसुलट आहेत. ताईला थोडा आराम पडला. सकाळी आम्ही गाडीत बसलो. भाऊजी गाडी चालवत होते, कुणी कुणाशी बोललं नाही.

भाऊजींना मी अडाणी म्हणणार नाही. समोर बायकोचे केस जाताहेत, आणि मेव्हणीच्या प्रबंधात आशा छापलेली आहे. त्यांच्या जागी मी काय केलं असतं, सांगता येत नाही.

पुढे पॅक्लिटॅक्सेल हे केमोचं दुसरं औषध सुरू झालं. मी भाऊजींना म्हटलं, हे झाडाचंच आहे. अमेरिकेतल्या पॅसिफिक यू नावाच्या झाडाची साल. त्यातला रेणू शोधून काढणाऱ्या दोघांपैकी एक आपल्या नंदुरबारचे, मनसुख वाणी. १९७१ साली त्यांनी आणि मन्रो वॉलनी त्याची रचना छापली. भाऊजी म्हणाले, "मग साल उकळून देऊ." यू हे विषारी झाड आहे, त्याची साल उकळून पिणं जिवावर बेतू शकतं. पहिली साल तोडली १९६२ साली, औषध म्हणून मंजुरी मिळाली १९९२ साली. मधली तीस वर्षं रेणू वेगळा करण्यात, मोजण्यात, माणसांवर तपासण्यात गेली. पाण्यात विरघळत नाही म्हणून तो एरंडेलापासून केलेल्या द्रवात घालतात, आणि त्या द्रवाची ॲलर्जी येते म्हणून आधी स्टेरॉइड देतात. आजीचा काढा असा नसतो.

व्हॉट्सअॅपवर फिरतं ना, आलं केमोपेक्षा दहा हजार पट भारी? त्याच्या मुळाशी २०१५ सालचा एक निबंध आहे, भारतीय संशोधकांचाच. शोगाओलची तुलना त्यात याच पॅक्लिटॅक्सेलशी आहे, तीही प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींच्या गुठळ्यांवर. माणूस त्यात कुठेच नाही.

काही वर्षांनी ताईचा आजार यकृतात परत आला. आता "एवढं करून गेलीच ना" या शेपटाचं उत्तर. अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या डॉक्टरांनी २०१८ साली छापलेल्या अभ्यासात केमो, रेडिएशन, ऑपरेशन सगळं सोडून फक्त पर्यायी उपचार घेणारे २८१ रुग्ण होते, आजार दूर न पसरलेले. नेहमीचे उपचार घेणाऱ्यांच्या तुलनेत त्यांच्यात मृत्यूचा धोका अडीच पट निघाला, स्तनाच्या कॅन्सरमध्ये साडेपाच पटींहून जास्त. हे मी भाऊजींना दाखवलं. ते म्हणाले, "ही दुसऱ्यांची माणसं." यावर माझ्याकडे उत्तर नाही. ताई एकच होती. तिच्यावर दोन्ही करून बघता येत नव्हतं.

आणि प्रबंधातलं शेवटचं वाक्य, "भविष्यात कॅन्सरविरोधी औषध म्हणून उपयोग संभवतो." या विषयातल्या जवळजवळ प्रत्येक प्रबंधात ते असतं. मी कधी म्हणते, ते छापायला नको होतं. मग तेव्हाची मी म्हणते, का नको? मनसुख वाणींनीही एका सालीपासूनच सुरुवात केली ना? आणि ती चूक म्हणत नाही. या वर्षी माझ्या विद्यार्थिनीनेही तेच लिहिलंय. "प्लेटमधल्या पेशींवर" एवढं घाल म्हटलं, तर म्हणते, "मॅडम, मग निबंध कोण छापणार?" अजून घातलेलं नाही.