जुन्या टॅबवर लिनक्स चढवण्याचा एक दिवस

प्रयोगशाळेतल्या सरांनी आणून दिलेल्या टॅबमध्ये तसा काहीच बिघाड नव्हता. काचेला तडा नाही, बॅटरी शाबूत, बटणं व्यवस्थित. अडचण एवढीच की त्यावर ३२ बिटांचं विंडोज ८.१ होतं. त्याचे सुरक्षेचे अपडेट १० जानेवारी २०२३ला बंद झाले, म्हणून आमच्याकडे तो नेटवर्कला जोडायला मनाई. विंडोज १०ची मुदतही ऑक्टोबर २०२५मध्ये संपली, त्यामुळे तिकडे जाण्यातही अर्थ नव्हता. सरांना त्यावर उपकरणाची रीडिंग टिपायची होती आणि ती सर्व्हरवर पाठवायची होती, बास.

"कपाटात असे अजून पडलेत," सर म्हणाले. "हा चालला तर तेही काढतो. नाहीतर सगळे भंगारात."

चालू स्थितीतलं यंत्र फक्त सॉफ्टवेअरची मुदत संपली म्हणून भंगारात जातं, हे मला मनापासून खटकतं. तो दिवस मी या एकाच कामाला द्यायचं ठरवलं.

सरांनी स्वतः एक प्रयत्न करून पाहिला होता. त्यांनी भरून आणलेला लिनक्सचा (विंडोजऐवजी चालणाऱ्या मोफत सिस्टमचा) पेनड्राइव्ह लॅपटॉपवर झकास बूट होत होता, पण टॅबच्या बूट मेनूत त्याचं नावही येत नव्हतं. सिक्युअर बूट, म्हणजे अनोळखी सिस्टम सुरू होऊ न देणारी सोय, त्यांनी आधीच बंद केलेली होती. पोर्ट गेलं असावं, असा त्यांचा अंदाज. पण त्याच पोर्टाला लावलेला कीबोर्ड फर्मवेअरच्या, म्हणजे यंत्र चालू होताच आधी जागं होणाऱ्या अंगभूत प्रोग्रामच्या, सेटिंगमध्ये चालत होता, म्हणजे पोर्ट ठीक होतं. पेनड्राइव्ह टॅबला दिसत होता, फक्त त्यावर स्वतःच्या कामाचं काही सापडत नव्हतं.

आत इंटेलचा ॲटम झेड ३७३५ एफ होता, बे ट्रेल पिढीतला, सोबत २ जीबी रॅम आणि ३२ जीबी ईएमएमसी, म्हणजे बोर्डावरच बसवलेलं स्टोरेज. या पिढीच्या टॅबची एक खोड आहे: प्रोसेसर ६४ बिटांचा आणि फर्मवेअर ३२ बिटांचं. त्यामागे कारण होतं. रॅम आणि स्टोरेज दोन्ही तुटपुंजे, म्हणून कंपन्यांनी ३२ बिटांचं विंडोज घातलं, आणि विंडोज ज्या बिटांचं, फर्मवेअरही त्याच बिटांचं लागतं. लिनक्सला ती अट राहिलेली नाही. २०१४ साली आलेल्या ३.१५ कर्नलपासून (कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा) ६४ बिटांचं कर्नल ३२ बिटांच्या यूईएफआय फर्मवेअरवरून सुरू होऊ शकतं. पण कर्नलपर्यंत पोचायला आधी बूटलोडर, म्हणजे कर्नल सुरू करून देणारा छोटा प्रोग्राम, लागतो. पेनड्राइव्हवरच्या बूट फोल्डरमध्ये ६४ बिटांचं फर्मवेअर 'बूट एक्स ६४' नावाची फाइल शोधतं, ३२ बिटांचं 'बूट आयए ३२'. सरांच्या पेनड्राइव्हवर फक्त पहिली होती.

आयएसओ, म्हणजे इन्स्टॉलरची एकत्र बांधलेली फाइल, जशीच्या तशी ओतली की पेनड्राइव्हवर नंतर फाइल टाकता येत नाही, कारण तो भाग फक्त वाचण्यापुरता असतो. म्हणून पेनड्राइव्ह फॅट ३२मध्ये फॉरमॅट केला, आयएसओतल्या फाइली त्यावर कॉपी केल्या आणि बूट फोल्डरमध्ये ३२ बिटांच्या यूईएफआयसाठी बांधलेला ग्रब हा बूटलोडर ठेवला. टॅब पुन्हा चालू केला आणि ग्रबचा मेनू आला, आडवा. या टॅबचं पॅनल मुळात उभं, ८०० बाय १२८०चं. आपण टॅब आडवा धरला तरी बूटच्या वेळची अक्षरं उभ्या पॅनलच्या हिशेबानेच उमटतात. मान वाकडी करून वाचायचं आणि पुढे जायचं, ते नंतर एका ओळीत सुटतं.

माझ्या हाताखाली शिकणारा मुलगा लगेच इन्स्टॉलवर बोट ठेवायला निघाला. मी थांबवलं. आधी अख्ख्या ईएमएमसीची इमेज, म्हणजे जशीच्या तशी प्रत, काढायची.

"मॅडम, विंडोज काढूनच टाकायचंय ना? मग बॅकअप कशाचा?"

त्याचा प्रश्न रास्त होता. सरांचा डेटा केव्हाच कॉपी झाला होता. पण अशा टॅबमध्ये जपण्यासारखी गोष्ट डेटा नसते, ती असते ड्रायव्हरचं, म्हणजे हार्डवेअर चालवणाऱ्या प्रोग्रामांचं, फोल्डर. मोठ्या कंपन्यांच्या लॅपटॉपचे ड्रायव्हर वर्षानुवर्षं संकेतस्थळावर मिळतात. या टॅबच्या मागे जे नाव छापलं होतं, त्या नावाचं संकेतस्थळसुद्धा आता उघडत नव्हतं. त्या टॅबच्या हार्डवेअरची खरी माहिती जगात एकाच ठिकाणी होती, त्याच्या स्वतःच्या पोटात. आणि इन्स्टॉलर पहिल्याच पायरीवर तेच पुसणार होता.

मायक्रो यूएसबीचं पोर्ट एकच. त्याला ओटीजी (बाहेरची साधनं जोडायची तार) लावलं की हा टॅब चार्जिंग घेत नाही, उलट स्वतःच जोडलेल्या वस्तूंना वीज पुरवतो. म्हणून बॅटरी आधी पूर्ण भरून घेतली, स्वतंत्र ॲडॉप्टरवर चालणारा हब वापरला आणि स्क्रीनचा उजेड कमी केला. बाहेरच्या डिस्कवर इमेज उतरत राहिली. मधेच आरपीएमबी नावाच्या छोट्या भागाबद्दल टाइमआउटच्या तक्रारी पडद्यावर आल्या. तो भाग सुरक्षित किल्ल्यांसाठी राखलेला असतो, साध्या पद्धतीने वाचता येत नाही. तिकडे दुर्लक्ष करायचं. मुख्य इमेज एकही चूक न दाखवता पूर्ण झाली.

मग इन्स्टॉल सुरू केलं आणि टॅब गोठला. पार्टिशनचा, म्हणजे स्टोरेजचे भाग कसे पाडायचे याचा, प्रश्न पडद्यावर, आम्ही काय निवडायचं ते बोलत होतो, आणि तेवढ्यात कर्सरचं लुकलुकणं थांबलं. कीबोर्डवरचा कॅप्स लॉकचा दिवाही लागेना. पॉवर बटण दाबून धरून बंद करण्याशिवाय उपाय नव्हता. पुन्हा चालू केला, पुन्हा तसंच, फक्त वेगळ्या पडद्यावर.

"ईएमएमसी संपली वाटतं," मुलगा म्हणाला. स्वस्त टॅबच्या बाबतीत हा संशय आधी येतो. पण आम्ही नुकतीच तीच ईएमएमसी पहिल्या बाइटपासून शेवटच्या बाइटपर्यंत वाचली होती आणि तेव्हा टॅब एकदाही अडकला नव्हता. मी त्याला विचारलं, दोन्ही वेळा टॅब काय करत होता? तो म्हणाला, काहीच नाही, आपल्या उत्तराची वाट बघत होता. नेमकं तेच. राबत होता तोवर ठीक, रिकामा बसला की गोठतो.

बे ट्रेलवर लिनक्स चालवणाऱ्यांना हे दुखणं चांगलं ठाऊक आहे. हाताला काम नसलं की प्रोसेसर वीज वाचवायला झोपेच्या खोल अवस्थांत उतरतो. त्यांना सी-स्टेट म्हणतात. या चिपवर कधीकधी त्या अवस्थेतून परत येणं जमत नाही आणि सगळं जागच्या जागी थिजतं. लॉगमध्ये ओळही उमटत नाही, कारण लिहायला कोणी जागं नसतं. नव्या कर्नलमध्ये बरीच सुधारणा झाली आहे, पण या टॅबला ती पुरत नव्हती. ग्रबमध्ये कर्नलच्या ओळीच्या शेवटी इंटेल-आयडलची कमाल सी-स्टेट १ असल्याचं लिहिलं आणि टॅब सुरू केला. मग मुद्दाम पार्टिशनचाच प्रश्न पडद्यावर ठेवून आम्ही जेवायला गेलो. परत आलो तेव्हा कर्सर लुकलुकत होता. याची किंमत बॅटरीत मोजावी लागते, चार्ज लवकर उतरतो. प्रयोगशाळेत टॅब चार्जरलाच लावलेला असणार होता, म्हणून मला हा सौदा पटला.

पुढचं इन्स्टॉल सरळ झालं. इन्स्टॉलनंतर टॅब बूट होईना, कारण फर्मवेअर नव्या सिस्टमची नोंद लक्षातच ठेवत नव्हतं. ग्रबची प्रत पुन्हा त्याच ठरलेल्या फोल्डरमध्ये, त्याच ठरलेल्या नावाने ठेवली आणि ते मिटलं. वायफाय रिअलटेकचं ८७२३ बीएस, त्याचा ड्रायव्हर २०१७च्या ४.१२ कर्नलपासून आत आहे, फक्त फर्मवेअरचं पॅकेज टाकावं लागलं. आडवी अक्षरंही कर्नलच्या ओळीत फिरवून सरळ झाली.

राहिला टच. आणि टच नसेल तर तो टॅब नव्हेच. सर हातमोजे काढून, एका बोटाने रीडिंग भरणार, तिथे कीबोर्ड कुठे लटकवणार?

कर्नलच्या लॉगमध्ये टचची चिप सापडली, सिलीडची, एमएसएसएल १६८० या ओळखीची. त्याच ओळीत पुढे लिहिलं होतं, फर्मवेअर लोड झालं नाही, त्रुटी उणे २. उणे २ म्हणजे त्या नावाची फाइलच नाही. ही तक्रार पाहून मला हायसं वाटलं. चिप दिसतेय, ड्रायव्हर तिच्याशी बोलतोय, फक्त तिला द्यायचा खुराक नाही. सिलीडच्या या चिपमध्ये स्वतःचा प्रोग्राम साठवायला कायमची जागा नसते. वीज गेली की ती कोरी होते आणि दर वेळी ड्रायव्हरला तो प्रोग्राम तिच्यात नव्याने भरावा लागतो. त्या प्रोग्राममध्येच त्या विशिष्ट काचेची मांडणी बांधलेली असते, कुठली तार कुठून कुठे जाते, कडा कुठे संपतात. म्हणून चिप एकच असली तरी प्रत्येक मॉडेलची फाइल वेगळी.

मुलाने त्याच चिपची, पण दुसऱ्या टॅबची फाइल शोधून आणली. मी म्हटलं टाक, बघू या, यात नुकसान काही नाही. टॅब सुरू झाला, त्याने वरच्या डाव्या कोपऱ्यात बोट टेकवलं आणि मधोमध एक खिडकी उघडली. बोट हळूहळू उजवीकडे नेलं तर पॉइंटर थोडा चालायचा, मग उडी मारून भलतीकडे जायचा, तिथून पुन्हा मागे. एका बोटाची दोन बोटं नोंदली जात होती. दुसऱ्या काचेचा नकाशा होता तो.

मग सकाळी काढलेली इमेज फक्त वाचण्यापुरती माउंट केली, म्हणजे डिस्कसारखी उघडली. विंडोजच्या सिस्टम ३२ फोल्डरात, ड्रायव्हर्समध्ये, सिलीडटच नावाची सिस फाइल जागेवर होती. विंडोजच्या या ड्रायव्हरच्या पोटातच चिपचं फर्मवेअर भरलेलं असतं. ते हुडकून वेगळं काढणारी मोफत साधनं लोकांनी लिहून ठेवली आहेत. अशाच एका स्क्रिप्टने ड्रायव्हर चाळला, फर्मवेअरचा तुकडा काढून दिला, तो योग्य नावाने फर्मवेअरच्या फोल्डरमध्ये ठेवला.

या वेळी पॉइंटर बोटाला चिकटून चालला. उड्या नाहीत, भुताची बोटं नाहीत. फक्त बोट वर नेलं की तो खाली जात होता, आणि काचेच्या उजव्या कडेला बोट पोचण्याआधीच तो पडद्याच्या कडेला टेकत होता. आता दोनच गोष्टी ड्रायव्हरला सांगायच्या राहिल्या होत्या: काच किती मोठी, आणि कुठली दिशा उलटी. ईव्हीटेस्ट हे टचचे आकडे दाखवणारं साधन चालवून मी चारही कडांवरून नखाच्या टोकाने बोट फिरवलं आणि मुलाने आकडे लिहून घेतले. आडवा आकडा १६६०च्या आसपास थांबत होता, उभा ११४०च्या आसपास. हे आकडे पडद्याच्या पिक्सेलशी जुळत नाहीत आणि जुळायची गरजही नसते, ते चिपचं स्वतःचं माप आहे.

ही मापं कर्नलमधल्या एका तक्त्यात असतात. कुठला टॅब, त्याची काच केवढी, उलटी की सुलटी, फाइल कुठली. कर्नलवर काम करणारे हान्स द गूडे यांनी आणि त्यांच्याबरोबर कितीतरी जणांनी एकेक टॅब हातात घेऊन तो तक्ता वाढवत नेला आहे. ज्या टॅबना त्यांच्या कंपन्या विसरल्या, त्यांची मापं या लोकांनी जपली, याबद्दल मला फार कृतज्ञता वाटते. टॅब ओळखला जातो फर्मवेअरमध्ये लिहिलेल्या कंपनीच्या आणि मॉडेलच्या नावावरून. आमच्या टॅबने स्वतःचं नाव सांगितलं, 'टू बी फिल्ड बाय ओईएम'. कारखान्यात भरायची राहिलेली जागा. या नावाचे टॅब असंख्य, म्हणून अशा वेळी बायोसची, म्हणजे त्याच फर्मवेअरची, तारीख आणि आवृत्तीही जुळवून पाहावी लागते. सुदैवाने अलीकडच्या कर्नलमध्ये हीच मापं बूटच्या ओळीतही देता येतात. मी दोन्ही आकडे आणि उभी दिशा उलटी असल्याचं तिथे लिहिलं.

सरांना बोलावलं. त्यांनी कोपऱ्यातलं बंद करण्याचं छोटंसं चिन्ह एकाच टिचकीत दाबलं, पडद्यावरचा कीबोर्ड उघडला आणि एक रीडिंग भरून पाहिलं. ते लगेच जाऊन कपाटातला दुसरा टॅब घेऊन आले. तेच मॉडेल, तेच मागचं झाकण. "आता हा तर पाच मिनिटांत होईल ना?"

पेनड्राइव्हवरून तो सुरू केला आणि आधी बायोसची तारीख पाहिली. पहिल्यापेक्षा काही महिने पुढची होती. पहिल्या टॅबची टचची फाइल त्याला देऊन पाहिली तर पॉइंटर पुन्हा उड्या मारायला लागला. मधल्या काळात कंपनीने काच बदलली असणार. मी इन्स्टॉलचं नाव काढलं नाही. मुलाने न सांगता बाहेरची डिस्क जोडली, टॅबच्या मागे मार्करने '२' लिहिलं आणि इमेज उतरवायला लावली. बाकीच्या टॅबवरही आम्ही असेच आकडे टाकले आणि प्रत्येकाच्या इमेजला तोच आकडा दिला.