तुम्ही विचारलंत म्हणून: कमी वीज खाणारा हीटर कोणता?

निफाडजवळच्या कुंदेवाडीच्या संशोधन केंद्रात पारा सहा-सात अंशांवर उतरल्याची बातमी वर्तमानपत्रात आली, की दोन दिवसांच्या आत मला कोणाचा ना कोणाचा फोन येतो. प्रश्न दर वर्षी जवळजवळ त्याच शब्दांत असतो: "घरात म्हातारं माणूस आहे, रात्री खोली फार गार पडते, तर कमी वीज खाणारा हीटर कोणता घ्यावा?" नाशिकमध्ये घरगुती वायरिंगच्या कामात माझी बरीच वर्षे गेली असल्यामुळे एखाद्या कंपनीचे नाव माझ्या तोंडावर असेल, अशी विचारणाऱ्याची अपेक्षा असते. ते नाव मी सांगत नाही, कारण कमी वीज खाऊन तेवढीच ऊब देणारा हीटर कोणतीच कंपनी बनवत नाही.

कॉइल आणि पंखा असलेला हीटर असो, तेल भरलेला रेडिएटर असो किंवा लालभडक दिसणारा हॅलोजन असो, एक युनिट विजेतून सुमारे ८६० किलोकॅलरी उष्णताच मिळते. स्वस्त हीटरमधून कमी मिळत नाही आणि महागातून जास्त मिळत नाही. तेलाच्या हीटरबद्दल मात्र लोकांच्या मनात पक्का समज असतो, की तेलामुळे वीज वाचते. ते तेल जळत नाही आणि संपतही नाही; ते फक्त उष्णता धरून ठेवते, त्यामुळे हीटर उशिरा तापतो आणि बंद केल्यावर उशिरा निवतो. त्याचा आवाज नाही, डोळ्यांवर उजेड नाही, उघडी कॉइल नाही, म्हणून म्हाताऱ्या माणसाच्या खोलीसाठी तो मला पसंत आहे. पण बिल वाचेल म्हणून कोणी तो घेऊ नये.

खरा प्रश्न असा आहे, की ती उष्णता जाते कुठे. दहा बाय बारा फुटांच्या खोलीतील हवेचे वजन सुमारे ४० किलो भरते, आणि ती हवा सहा अंशांनी तापवायला एका युनिटच्या पंधराव्या भागाइतकीच वीज पुरते. तरीही हीटर तासभर चालवून खोली तापत नाही, कारण बाकीची बहुतेक उष्णता भिंती, फरशी आणि स्लॅब पिऊन टाकतात, आणि उरलेली स्लायडिंग खिडकीच्या फटीतून बाहेर जाते. वरच्या मजल्यावर हे अधिक जाणवते, कारण निरभ्र रात्री गच्चीचा स्लॅब आपली उष्णता आकाशाकडे सोडत राहतो. मुलांकडे लंडनला किंवा टोरांटोला राहून आलेली माणसे "तिथे घर कसं उबदार असतं" असे सांगतात, आणि ते खरेच आहे. पण तिथल्या खिडक्यांना दुहेरी काच असते आणि घर बांधतानाच उष्णता अडवण्याची सोय केलेली असते. आपली घरे उन्हाळ्यात वारा खेळावा म्हणून बांधलेली आहेत. म्हणून हीटर आणण्याच्या आधी खिडकीच्या रुळांतील फटींना फोमची पट्टी लावा, दाराखाली जुनी चादर गुंडाळून ठेवा, जाड पडदे पाडा आणि पलंगाजवळच्या फरशीवर सतरंजी अंथरा. या कामाला फारसे पैसे लागत नाहीत, आणि फरक पहिल्याच रात्री कळतो. फक्त खोली पूर्ण बंद करू नका, आणि त्या खोलीत कोळशाची शेगडी तर कधीच ठेवू नका. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपेतच माणूस दगावतो. विजेचा हीटर प्राणवायू जाळत नाही, ती भीती अनाठायी आहे.

आता पैशांचा हिशेब. महावितरणच्या घरगुती बिलात १००, ३०० आणि ५०० युनिट असे टप्पे असतात आणि वरच्या टप्प्यातील युनिट महाग पडते. घरातील दिवे, फ्रिज, पंप हे आधीपासून चालू असल्यामुळे हीटरचे युनिट नेमके वरच्या टप्प्यात जाऊन बसते. म्हणून बिलाची सरासरी न धरता आपण शेवटी ज्या टप्प्यात पोहोचतो तो दर धरावा. हिशेब सोपा जावा म्हणून सर्व आकार मिळून युनिटला १२ रुपये धरू. २००० वॅटचा हीटर रात्रीचे आठ तास न थांबता चालला, तर १६ युनिट, म्हणजे एका रात्रीचे १९२ रुपये. तेवढाच वेळ १०० वॅटचे इलेक्ट्रिक ब्लँकेट चालले, तर एक युनिटही पुरे होत नाही आणि खर्च दहा रुपयांच्या आत राहतो. ज्यांना केवळ अंथरूण गार लागते त्यांना मी नेहमी हेच सुचवतो: झोपण्याआधी अर्धा तास ब्लँकेट लावा, पाठ टेकताना बंद करा. मधुमेहामुळे ज्यांच्या पायांची संवेदना कमी झाली आहे त्यांनी मात्र ते चालू ठेवून झोपू नये, कारण चटका बसला तरी त्यांना कळत नाही.

एक प्रसंग सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. काही वर्षांपूर्वी आईच्या खोलीत मी नवा २००० वॅटचा हीटर लावला होता. पॉवर पॉइंट पलंगापासून दूर होता, म्हणून घरातल्या कोणीतरी मोठी पिन लहान सॉकेटात बसवणारा कन्व्हर्टर लावून तो साध्या एक्स्टेन्शन बोर्डवर जोडला. पहाटे आईला बेकेलाइट तापल्याचा वास आला आणि तिने हाक मारली. पिन काढली तेव्हा बोर्डाच्या भोकांभोवती तपकिरी कडे पडले होते आणि प्लास्टिक एका बाजूने खाली ओघळले होते. २००० वॅट म्हणजे २३० व्होल्टला जवळपास पावणेनऊ अँपिअर, आणि तो बोर्ड होता सहा अँपिअरचा. त्या पहाटे ती जागी झाली नसती तर, हा विचार माझ्या मनातून अजून जात नाही. म्हणून फोनवर मी आधी विचारतो, की खोलीत सोळा अँपिअरचा पॉइंट आहे का, त्याला अर्थिंग आहे का. नसेल तर हीटरच्या आधी इलेक्ट्रिशियनला बोलवा.

पूर्ण खोलीच उबदार हवी असेल, म्हणजे अंथरुणाला खिळलेले माणूस किंवा तान्हे बाळ घरात असेल, तर माझे उत्तर थंड आणि गरम दोन्ही करणारा इन्व्हर्टर एसी हे आहे. तो उष्णता तयार करत नाही, बाहेरच्या हवेतील उष्णता आत ओढून आणतो, आणि त्यामुळे एका युनिटमध्ये साधारण तीन युनिटांची ऊब देतो. नाशिक-पुण्याची आठ-दहा अंशांची थंडी त्याला मानवते, कारण एसीच्या बाहेर बसवलेल्या भागावर सहसा बर्फ धरत नाही. उन्हाळ्यासाठी एसी घ्यायचाच असेल तर काही हजार रुपये अधिक घालून हाच घ्यावा. केवळ महिना-दीड महिन्याच्या थंडीसाठी मात्र ही खरेदी परवडत नाही. स्टिकरवरचे तारे थंडाव्याचे असतात, हे लक्षात ठेवा. माहितीपत्रकात गरम करण्याची क्षमता आणि त्याला लागणारे वॅट वेगळे दिलेले असतात. पहिल्या आकड्याला दुसऱ्याने भागून तीनच्या वर उत्तर येते का ते पाहा.

घेतल्यावर खात्रीही करता येते. मीटरवर लाल दिवा लुकलुकतो आणि बऱ्याच मीटरवर "३२०० इम्प" असे लिहिलेले असते, म्हणजे ३२०० लुकलुकींना एक युनिट. बाकी सगळे बंद करून मी घड्याळ लावून मोजले आहे: २००० वॅटचा हीटर चालू असताना मिनिटाला १०७ वेळा, आणि आईच्या खोलीत आता असलेला एसी २२ अंशांवर स्थिरावल्यानंतर ३८ वेळा. एसीच्या पट्ट्या मी खाली वळवून ठेवतो, कारण गरम हवा वर जाते आणि आई पलंगावर झोपते.