उरलेल्याचंच का विणते? तुम्ही विचारलंत म्हणून

"काकू, उरलेल्या लोकरीचंच का विणता हो? नवी घ्या की!" हे मला भिशीत विचारतात, लग्नात विचारतात, जिन्यात भेटलेली शेजारीणही विचारते. सोलापुरात लोकर लागते तरी कशाला, या प्रश्नाचं उत्तर मी देत नाही. संक्रांतीत रात्री होम मैदानावर गड्ड्याच्या जत्रेला जाऊन या, मग बोलू.

मी काटकसर करते असं काहींना वाटतं. आठवणी जपते असं म्हटलं की सगळ्यांचं समाधान होतं, म्हणून बरीच वर्षं मी तेच सांगत आले. खरं कारण रंग आहे. नवी लोकर घेताना दुकानदार मांडतो त्यातला एक रंग उचलायचा, की झालं. उरलेल्यात तसं चालत नाही. अबोली वीस ग्रॅम आहे, तर तिला वीस ग्रॅममध्येच शोभावं लागतं. मग तिच्याशेजारी चिंतामणी किती ओळी ठेवायचा, मोहरी कुठे आणायची, यावर माझी रात्र जाते. हा विचार मला एकरंगी स्वेटरने कधी करायला लावला नाही.

आणि लोकर उरणारच. कमी पडेल म्हणून आपण एखादी गुंडी जास्त घेतो, कारण नंतर गेलं तर शेड नंबर तोच मिळतो पण लॉट, म्हणजे एका वेळी रंगवलेला गठ्ठा, बदललेला असतो, आणि ऐन छातीवर पट्टा उमटतो.

काहीही कशालाही जोडते असंही नाही. खरी लोकर गरम पाण्यात आटते, ॲक्रिलिक आटत नाही, म्हणून दोन्ही एकत्र घेत नाही. लेबल हरवलं असेल तर धाग्याचं टोक जाळून बघते. केस जळल्यासारखा वास आला आणि राख बोटात चुरली तर लोकर. वितळून कडक मणी झाला तर ॲक्रिलिक.

आता बारशाचं सांगते. नातवासाठी ब्लँकेट विणलं होतं, सगळ्या ओळी सुलट टाक्यांच्या, दर दोन रंगांमध्ये राखाडीची बारीक पट्टी. असं विणताना रंग नेहमी सुलट बाजूनेच बदलायचा. त्या बाजूला रेघ स्वच्छ येते, मागच्या बाजूला दोन्ही रंगांचे टाके एकमेकांत शिरतात. माझ्या मुलीच्या सासरच्या एका बाईंनी ब्लँकेट हातात घेतलं आणि लगेच उलटं केलं. सोलापूरची माणसं चादर अशीच बघतात. आपली चादर दोन्ही बाजूंनी देखणी असते, फक्त रंगांची अदलाबदल होते. त्या बाईंनी मागच्या तुटक रेघांवरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "उरल्यासुरल्याचं केलंय वाटतं." घडी घालून बाजूला ठेवलं. ओटी, पेढे, सगळं पुढे चालू राहिलं.

त्यांचं मी विसरलेही असते. रात्री मुलगी म्हणाली, "आई, निदान बाळासाठी तरी नवी आणायचीस." मी आतल्या खोलीत जाऊन बसले. त्यातली मोहरी तिच्याच बालवाडीच्या स्वेटरची होती, हे तिला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ती रडली असती आणि ब्लँकेट आवडलंय म्हणाली असती. तिला ते तसं आवडलेलं मला नको होतं.

तेव्हा मला वाटलं होतं, हिला रंग कळत नाहीत. आता तेवढ्या ठामपणे म्हणवत नाही. सासरी चारचौघांत तिला खाली बघावं लागलं, ते माझ्या वीस ग्रॅम अबोलीपेक्षा लहान होतं का? पण मग दुसऱ्याला द्यायचं ते नव्याचंच हवं, हे कुणी ठरवलं? गोधडी पांघरूनच वाढलो ना आपण सगळे?

पुढे तिच्या बाळासाठी नव्या पांढऱ्या लोकरीचा टोपडं-मोज्यांचा सेट विणला. सगळ्यांनी कौतुक केलं. विणताना मला कंटाळा आला होता, आणि सेट तिला दिल्याचा आनंदही झाला होता. या दोन्हींचा मेळ मला अजून घालता आलेला नाही. सध्या सुईवर डाळिंबी आणि पोपटी आहे. मागची बाजूही स्वच्छ यावी म्हणून दोन थर एकत्र विणून बघतेय. लोकर दुप्पट लागते, त्यामुळे पोपटी बहुतेक पुरणार नाही.